खलनायकाचा पत्ता

हेरपटातला खलनायक राहतो कुठे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण या कथाप्रकाराने आपल्याला सत्तेविषयी काय शिकवले, याचे उत्तर त्यातच सापडते. ओळखीच्या चित्रपटांत तो बहुधा एखाद्या बेटावर राहतो, नाहीतर विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात, समुद्राच्या तळाशी किंवा डोंगरात कोरलेल्या किल्ल्यात. त्याला देश नसतो, शेजारी नसतात, त्याचे नाव कुठल्या मतदारयादीत नसते. नायक तिथे पोचतो, ते सगळे उडवून देतो आणि जग पुन्हा सुरळीत चालू लागते. खलनायकाचा पत्ता जितका दूरचा, तितका प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो. संकट बाहेरून आले होते आणि बाहेरच निकालात निघाले, अशी त्याची खात्री पटलेली असते. मात्र ज्या चित्रपटापासून या परंपरेची वहिवाट पडली, त्यातला गुन्हेगारी सूत्रधार असा बाहेर राहत नाही. तो शहराच्या मध्यवस्तीत राहतो. त्याच्या नावाची बँक आहे, तिथे दिवसभर माणसांची ये-जा चालते. आणि शेवटी उघड होते की ज्या गुप्तहेर खात्याला तो चकवत होता, त्याच खात्याच्या यादीत त्याचाही क्रमांक आहे. हा सूत्रधार म्हणजे फ्रिट्झ लांग यांच्या १९२८ सालच्या ‘श्पिओने’, म्हणजे ‘हेर’, या जर्मन मूकपटातला हाघी. त्याचे वंशज त्याच्याहून कितीतरी प्रसिद्ध झाले. पण सत्तेविषयीचे जे सत्य हाघीत आहे, ते त्या वंशजांनी वाटेत गमावले, असे माझे मत आहे. संघटित गुन्हेगारी राज्यव्यवस्थेच्या बाहेर उभी राहून तिच्यावर चाल करत नाही. ती त्याच व्यवस्थेच्या कार्यालयांतून, तिच्याच पद्धतींनी आणि पुष्कळदा तिच्याच पगारावर चालते, हे ते सत्य.

आधी चित्रपटाकडे पाहू. ‘श्पिओने’ची पटकथा लांग आणि त्यांची पत्नी थेआ फॉन हार्बू यांची. त्याआधीच्या ‘मेट्रोपोलिस’च्या अवाढव्य खर्चाने उफा ही चित्रसंस्था डबघाईला आली होती, म्हणून या चित्रपटात भव्य देखावे फारसे नाहीत. त्यांची जागा हातांनी, चेहऱ्यांनी, टेलिफोनांनी, कागदांनी आणि दारांनी घेतली आहे. ही काटकसर चित्रपटाच्या पथ्यावर पडली, कारण हेरगिरी हा मुळात कागदांचा आणि दारांचा धंदा आहे. सुरुवातीलाच तिजोरी फुटते, दस्तऐवज पळवले जातात, धावत्या मोटारीत एका मंत्र्याचा खून होतो आणि वर्तमानपत्रांतून खात्याची लाज निघते. कोणाचा हात आहे हे ठाऊक असलेला एक माणूस धावत खात्याच्या कचेरीत येतो, पण नाव ओठांवर येण्याआधीच खिडकीतून आलेल्या गोळीने तो कोसळतो. यामागे आहे तरी कोण, या प्रश्नाला उत्तर म्हणून पडद्यावर हाघीचा चेहरा येतो. रुडोल्फ क्लाइन-रोगे या नटाने ही भूमिका केली आहे. १९२२ मध्ये लांग यांचा डॉक्टर माबुझे आणि १९२७ मध्ये ‘मेट्रोपोलिस’मधला रोटवांग त्यांनीच साकारला होता. इथे मात्र माबुझेची ती भेदक, भारून टाकणारी नजर नाही. हाघी चाकांच्या खुर्चीत बसलेला आहे, समोर मेज आहे, हाताशी यंत्रे आहेत, आणि तो कामात आहे. त्याची दहशत त्याच्या कामसूपणातून निर्माण होते. तो फारसा ओरडत नाही, कोणाला हाताने मारत नाही. तो निरोप घेतो, निरोप देतो आणि नोंद ठेवतो.

हाघीचे भांडवल म्हणजे माहिती. सोने किंवा भूमी त्याला नको आहे. अफूच्या अड्ड्यावर जाणाऱ्या एका प्रतिष्ठित स्त्रीचे गुपित त्याला कळते, आणि त्या गुपिताच्या बदल्यात तो तिच्याकडून दुसरे गुपित मागतो. एका कर्नलला पैशाची निकड आहे हे त्याला कळते, आणि तो पैसे देऊन त्याच्याकडून त्याच्या देशाची रहस्ये विकत घेतो. सोन्या या रशियन तरुणीच्या वडिलांना आणि भावाला सत्तेने मारले आहे. तिच्या मनातला तो सल हाघीने ओळखला आहे आणि कामाला जुंपला आहे. बँक इतरांच्या ठेवी घेऊन त्यांवर आपला व्यवहार उभा करते. हाघी इतरांच्या दुबळेपणावर आपला व्यवहार उभा करतो. म्हणूनच त्याच्या कारस्थानांचे केंद्र बँकेच्या इमारतीत असणे हा केवळ सोयीचा आडोसा वाटत नाही. दोन्ही धंद्यांचे तंत्र एकच आहे: विश्वासाने किंवा नाइलाजाने सोपवलेली गोष्ट सांभाळायची आणि योग्य वेळी वटवायची. दुसऱ्या एका हेरपटाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९३५ च्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्येही खलनायक प्रोफेसर जॉर्डन हा स्कॉटलंडमधला प्रतिष्ठित, कुटुंबवत्सल गृहस्थ आहे. पण जॉर्डनची प्रतिष्ठा हा मुखवटा आहे. तो काढला की हेर शिल्लक राहतो. हाघीची बँक काढून घेतली तर हाघी शिल्लकच राहत नाही.

आता माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा. कथेच्या अखेरीस बँकेवर छापा पडतो. इमारतीचा कोपरान् कोपरा धुंडाळला जातो आणि हाघी सापडत नाही. सापडणार कसा? चाकांची खुर्ची खोटी होती, अपंगत्व खोटे होते, आणि तो माणूस वेगळ्याच ठिकाणी वेगळ्याच नावाने वावरत होता. तो रंगमंचावर नेमो या नावाने विदूषकाचे काम करतो. आणि हा नेमो म्हणजे खुद्द गुप्तहेर खात्याचा ७१९ क्रमांकाचा हस्तक आहे. ज्याला शोधण्यासाठी खाते दिवसरात्र राबत होते, तो खात्याच्या आतल्या गोटातलाच होता. एवढ्यावर हे रहस्योद्घाटन थांबत नाही. ते मागे वळून साऱ्या कथेवर प्रकाश टाकते. नायकालाही नाव नाही, तो ३२६ आहे. क्रमांकांची ही पद्धत खात्याची, आणि क्रमांकाच्या आड माणूस लपवण्याची जी सोय खात्याने आपल्या हेरांसाठी केली, तिचाच हाघीने लाभ घेतला. खात्याच्या कचेरीतच हाघीचा माणूस छुपा कॅमेरा घेऊन बसलेला आहे, आणि ३२६ कामाला लागण्यापूर्वीच त्याचे छायाचित्र हाघीच्या मेजावर पोचलेले आहे. दोन्हीकडे वेषांतर आहे, दोन्हीकडे फितुरी विकत घेतली जाते, दोन्हीकडे माणसे प्याद्यांसारखी पुढे सरकवली जातात. एकच मोठा फरक नजरेत भरतो: हाघीची कचेरी शिस्तीत चालते आणि सरकारी कचेरीत धांदल उडालेली असते. गुन्हेगाराने राज्यव्यवस्था चोरलेली नाही. त्याने तिचा अभ्यास केला आणि ती अधिक नेटकेपणाने राबवून दाखवली.

ही पटकथाकारांची मनमानी कल्पना होती, असे कोणी म्हणेल तर त्या काळाचा इतिहास पाहावा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करातला कर्नल आल्फ्रेड रेडल व्हिएन्नात प्रतिहेरगिरीचे काम पाहत असे, म्हणजे परक्या हेरांना पकडणे हे त्याचे कर्तव्य होते. आणि त्याच काळात तो रशियाला लष्करी गुपिते विकत होता. मे १९१३ मध्ये तो उघडा पडला. वरिष्ठांनी त्याच्या हाती पिस्तूल ठेवून त्याला एकटे सोडले आणि त्याने स्वतःला संपवले. प्रकरण दडपण्याचा हा प्रयत्न फसला, वार्ताहर एगॉन एर्विन किश यांनी ते लोकांपुढे आणले, आणि १९२४ मध्ये त्यावर त्यांचे पुस्तक बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाले. चित्रपटातला कर्नल येलुसिच आणि त्याचा शेवट हे रेडलचेच प्रतिबिंब आहे, हे जाणकारांनी वारंवार नोंदवले आहे. दुसरी घटना तर चित्रपटाच्या आदल्याच वर्षातली. १२ मे १९२७ रोजी लंडनमध्ये पोलिसांनी ‘आर्कोस’ या सोव्हिएत व्यापारी संस्थेच्या इमारतीवर छापा घातला. व्यापाराच्या नावाखाली हेरगिरी चालते, असा ब्रिटिश सरकारचा आरोप होता. छाप्यात अपेक्षेइतका पुरावा हाती लागला नाही, तेव्हा सरकारने संसदेत गुप्तपणे उलगडलेल्या सोव्हिएत तारांचाच आधार घेतला. परिणामी मॉस्कोने आपली सांकेतिक लिपी बदलली आणि ब्रिटिशांच्या हातातले सर्वात मोलाचे साधन निसटले. एका छताखाली व्यापार आणि हेरगिरी, आणि शत्रूला उघडे पाडण्याच्या नादात स्वतःचेच गुपित उघडे करणारे सरकार: लांग आणि हार्बू यांना कथानक शोधायला दूर जावे लागले नाही. रेडलच्या प्रकरणात खलनायकाचा पत्ता लष्कराची कचेरी हाच होता.

यावर पहिला आक्षेप हाघीच्या चेहऱ्यावरून घेतला जातो. त्याची ती टोकदार दाढी, ते कपाळ पाहिले की लेनिनची आठवण होते, आणि ‘आर्कोस’ची पार्श्वभूमी लक्षात घेता हाघी म्हणजे पडद्यावर आणलेला बोल्शेविक बागुलबुवाच ठरतो. मग खलनायक आतला कसा? तो तर परका, पूर्वेकडून आलेला शत्रू. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण चेहऱ्याची निवड अजाणता झालेली नाही. परंतु चेहरा एक सांगतो आणि व्यवसाय दुसरे सांगतो. बोल्शेविकांची दहशत ज्यांनी घेतली होती, त्यांच्या कल्पनेतला क्रांतिकारक बँका ताब्यात घेतो, त्या चालवत नाही. हाघीच्या तोंडी एकही विचारसरणी नाही, तो कोणत्या देशासाठी काम करतो हेही चित्रपट सांगत नाही. त्या काळच्या जर्मन प्रेक्षकाला बँकेची भीती लेनिनइतकीच जवळची होती. पाचच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९२३ मध्ये, एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते आणि मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी धुळीला मिळाली होती. ते काम कोणा परक्या कटवाल्याने केले नव्हते. शिवाय ज्या उफासाठी हा चित्रपट निघाला, ती संस्था १९२७ मध्ये आल्फ्रेड हुगेनबर्ग यांच्या हाती गेली होती. क्रुप या पोलाद-शस्त्र उद्योगाचे माजी संचालक असलेले हुगेनबर्ग वृत्तपत्रांचे, वृत्तसंस्थेचे आणि जाहिरात संस्थेचे मालक होते, कट्टर राष्ट्रवादी पुढारी होते, आणि जानेवारी १९३३ मध्ये हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. लांग यांनी हाघी रंगवताना हुगेनबर्ग डोळ्यांपुढे ठेवले होते, असे मी म्हणत नाही. माहिती आणि पैसा एकाच मेजावर एकवटले की लोकशाहीचे काय होते, याचे उत्तर बर्लिनमध्येच मिळणार होते, एवढेच मला दाखवायचे आहे. लेनिनची दाढी लावल्याने हा धोका परका ठरत नाही. दाढी पाहून ज्यांनी तो परका मानला, त्यांचे लक्ष चुकीच्या दिशेला राहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो सीगफ्रीड क्राकाउर यांचा आहे. जर्मन चित्रपटांचा मानसिक इतिहास सांगणारे त्यांचे ‘फ्रॉम कॅलिगरी टू हिटलर’ हे पुस्तक १९४७ मध्ये आले. ‘श्पिओने’त कोण कोणावर हेरगिरी करतो आणि कशासाठी, हे काही वेळाने महत्त्वाचेच उरत नाही, दोन्ही बाजू सारख्याच, हालचाली अखंड आणि अर्थ शून्य, असा त्यांच्या टीकेचा रोख आहे. त्यांचे निरीक्षण अचूक आहे. जपानशी होणाऱ्या ज्या कराराभोवती अर्धा चित्रपट फिरतो, त्या करारात काय आहे हे आपल्याला नीट कळतही नाही. माझे मतभेद निष्कर्षाबद्दल आहेत. क्राकाउर ज्याला चित्रपटाची पोकळी म्हणतात, ती मला चित्रपटाने दाखवून दिलेली पोकळी वाटते. गुप्ततेवर उभ्या असलेल्या यंत्रणेला काही काळाने उद्देशाची गरज उरत नाही. गुपित मिळवायचे कारण समोरच्याकडे ते आहे, आणि समोरच्याने ते जपायचे कारण आपल्याला ते हवे आहे. हाघीला जग जिंकायचे नाही. त्याला जाणायचे आहे आणि जाणण्यातून हुकूम चालवायचा आहे. त्याच्या तोंडी एखादा उदात्त किंवा राक्षसी हेतू घातला असता तर प्रेक्षकाला त्याची संगती लावता आली असती. लांग यांनी ती सोय नाकारली. आपल्या शतकात माणसांच्या आवडीनिवडींची, ये-जा करण्याची, खरेदीची नोंद ज्या प्रमाणात गोळा होते, आणि ती कशासाठी याचे उत्तर बहुतेकदा ‘पुढे उपयोगी पडेल’ एवढेच असते, ते पाहता हाघीची हेतुशून्यता मला पोकळ वाटत नाही.

तिसरा आक्षेप असा की या साध्या रंजनपटावर मी फार मोठे ओझे टाकतो आहे. खलनायकच पोलिसांचा माणूस निघतो, ही रहस्यकथेतली जुनी युक्ती आहे. तिच्यातून राज्यशास्त्र काढू नये. युक्ती जुनी आहे हे खरेच. पण एखादा दिग्दर्शक एकच युक्ती वारंवार आणि वाढत्या गांभीर्याने वापरत असेल, तर ती युक्ती राहत नाही, त्याचा विचार बनते. लांग यांच्या १९३१ च्या ‘एम’मध्ये बालहत्या करणाऱ्याच्या शोधात पोलीस अधिकाऱ्यांची बैठक भरते आणि त्याच वेळी गुन्हेगारांच्या टोळ्यांच्या म्होरक्यांचीही बैठक भरते. चित्रपट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असा जातो की इथे एकाने सुरू केलेला हातवारा तिथे दुसरा पूर्ण करतो. पुढे १९३३ मध्ये ‘डॉक्टर माबुझेचे मृत्युपत्र’ आला. त्यात माबुझे वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला आहे आणि दहशतीचा आराखडा कागदांवर लिहीत सुटला आहे. तो अमलात आणतो इस्पितळाचा प्रमुख, प्राध्यापक बाउम. रोग्याला सांभाळायला नेमलेली संस्थाच रोगाची वाहक होते. हिटलरच्या सत्ताग्रहणानंतर जर्मनीत या चित्रपटावर बंदी आली. १९२८ ते १९३३ या काळात लांग यांचा खलनायक बँकेत, पोलिसांच्या आरशात आणि इस्पितळाच्या प्रमुखपदावर बसलेला दिसतो. पाच वर्षांत तीन चित्रपटांत तीन वेळा पत्ता बदलला आणि तीनही वेळा तो प्रतिष्ठित संस्थेचाच राहिला, याला योगायोग म्हणणे मला पटत नाही.

पुढे हा पत्ता बदलला, आणि तो का बदलला याचा पुरावा उपलब्ध आहे. इयान फ्लेमिंग यांच्या १९५७ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या कादंबरीत खलनायक ‘स्मेर्श’, म्हणजे सोव्हिएत राज्ययंत्रणाच आहे. १९६३ मध्ये त्यावर चित्रपट निघाला तेव्हा ती जागा ‘स्पेक्टर’ या देशविहीन गुन्हेगारी संघटनेला देण्यात आली. तिचा प्रमुख ब्लोफेल्ड मांजर कुरवाळत लढाऊ माशांचे उदाहरण देतो: दोन मासे लढतात, तिसरा थांबून राहतो आणि थकलेल्या विजेत्याला गिळतो. ही मांडणी हुशारीची होती. शीतयुद्धात कोणाला दुखवायला नको, आणि दोन्ही महासत्ता एका तिसऱ्याच्या कटाचे बळी ठरतात. ‘स्पेक्टर’ने हाघीकडून क्रमांकांची पद्धत घेतली, मेज घेतले, दुरून हुकूम देण्याची शैली घेतली, फक्त बँकेची इमारत आणि खात्यातली नोंद टाकून दिली. १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’पर्यंत ब्लोफेल्ड ज्वालामुखीत राहायला गेला होता. तिथून हा पत्ता मुंबईतही आला: १९८० च्या ‘शान’मधला टक्कल केलेला शाकाल आणि १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’मधला मोगँबो हे दोघेही आपापल्या बेटावरून हुकूम सोडतात. या काळात वास्तव काय होते? १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाच्या गुप्तहेर विभागाने न्यू यॉर्कच्या गोद्यांच्या सुरक्षिततेसाठी तुरुंगातल्या लकी लुचियानो या माफिया प्रमुखाची मदत घेतली. १९४६ मध्ये गव्हर्नर थॉमस ड्युई यांनी त्याची शिक्षा कमी केली आणि त्याची इटलीला रवानगी झाली. हेच ड्युई १९३६ मध्ये सरकारी वकील म्हणून त्याला शिक्षा मिळवून देणारे. १९६० पासून सीआयएने फिडेल कॅस्ट्रोच्या हत्येसाठी जॉन रोसेली आणि सॅम जियांकाना या माफियातल्या माणसांना हाताशी धरले होते. १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने हे सविस्तर नोंदवले. पडद्यावर गुन्हेगारी संघटना दोन्ही राज्यांची शत्रू म्हणून उभी राहत होती, त्याच वर्षांत प्रत्यक्षात ती एका राज्याच्या मोहिमेत सामील होती. रंजनाने वास्तव सोपे केले, एवढीच तक्रार असती तर ती मी मागे घेतली असती. त्याने वास्तव उलटे करून दाखवले, ही माझी तक्रार आहे.

हाघीची अर्धी निर्मिती जिच्या लेखणीची, त्या थेआ फॉन हार्बूचे आयुष्य या विषयाला वेदनादायक जोड देते. १९३३ मध्ये लांग जर्मनी सोडून गेले. त्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. हार्बू मागे राहिल्या आणि नाझी राजवटीच्या चित्रसृष्टीत लिहीत राहिल्या. आणि याच स्त्रीने बर्लिनमध्ये आलेल्या, बेळगावकडच्या आयी गणपत तेंडुलकर या मराठी पत्रकारावर प्रेम केले. एका जर्मन लेखिकेने हिंदी माणसाशी उघडपणे लग्न करावे हे त्या राजवटीला रुचणारे नव्हते, म्हणून ते लपवून ठेवावे लागले. तेंडुलकरांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर-धौल यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात ही हकीकत सांगितली आहे. ज्या राज्याची सेवा करायची, त्याच राज्यापासून आपल्या घरातली सर्वात जवळची गोष्ट दडवायची, अशी ही कोंडी. हा दाखला मी हार्बूंची बाजू मांडण्यासाठी देत नाही, त्यांच्यावर निवाडा करण्यासाठीही देत नाही. आत आणि बाहेर या रेषा पडद्यावर जितक्या ठळक आखता येतात तितक्या जगण्यात आखता येत नाहीत. हे ज्या लेखिकेने ७१९ क्रमांकाच्या रूपाने मांडले, तिला ते पुढे स्वतः जगावे लागले.

आता शेवटचा आणि मला सर्वात अवघड वाटणारा आक्षेप. खाते आणि टोळी यांच्या पद्धती एकच असतील, खलनायक आपल्याच यादीतला असेल, तर निष्कर्ष असा निघतो की सगळे सारखेच. हा निष्कर्ष धोक्याचा आहे. वायमार प्रजासत्ताकाविषयी पुष्कळ जर्मनांनी तोच काढला, आणि ज्यांना ते प्रजासत्ताक मोडायचे होते त्यांचे काम सोपे केले. ‘श्पिओने’ मात्र तिथे नेत नाही, आणि यासाठी जपानी राजनैतिक अधिकारी मात्सुमोतोचा भाग नीट पाहायला हवा. करार सुखरूप पोचावा म्हणून तो तीन दूतांच्या हाती तीन पाकिटे देतो. तिघेही मारले जातात आणि पाकिटांत निघतात वर्तमानपत्राचे कागद. खरा करार मात्सुमोतोने स्वतःपाशी ठेवलेला असतो, आणि पावसात भिजलेली, निराधार वाटणारी जी मुलगी त्याने आसऱ्याला घेतली, तीच हाघीची हस्तक तो पळवते. याचा अर्थ स्वच्छ आहे: चांगल्या बाजूच्या माणसानेही तीन तरुणांना आमिष म्हणून मृत्यूच्या तोंडी दिले होते. कृती हाघीला शोभेल अशीच. फरक पडतो तो त्यानंतर. मेलेले तिघे मात्सुमोतोच्या डोळ्यांपुढे येऊन उभे राहतात, आणि आपल्या परंपरेनुसार तो मरण पत्करून त्यांचा हिशेब चुकता करतो. त्याने निवडलेला मार्ग आपण मान्य करावा असे नाही; पण आपल्या हुकुमाने गेलेला जीव आपल्या नावावर मांडला पाहिजे, ही त्याची जाणीव खरी आहे. सोन्याही तेच करते. ३२६ च्या मृत्यूच्या योजनेत आपला वापर झाला हे कळताच ती हाघीची आज्ञा मोडते आणि परिणाम अंगावर घेते. हाघी मात्र शेवटपर्यंत कुठलाच हिशेब देत नाही. पोलिसांनी वेढल्यावर तो विदूषकाच्या वेषात, रंगमंचावर, स्वतःवर गोळी झाडतो, आणि प्रेक्षक तो खेळाचाच भाग समजून टाळ्या वाजवतात. मरणसुद्धा त्याने जबाब टाळण्यासाठी वापरले, आणि समोरच्या गर्दीने त्याला ते करू दिले.

म्हणजे चित्रपटाने रेषा पुसलेली नाही, ती योग्य जागी आखली आहे. आपले आणि परके, खाते आणि टोळी, या जोड्यांवरून भल्याबुऱ्याचा निवाडा होत नाही. केलेल्या कृतीचा जाब कोण देतो आणि कोण चुकवतो, यावरून तो होतो. हिचकॉक यांच्या १९५९ च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मधला सरकारी हेरप्रमुख ‘प्रोफेसर’ एका निरपराध माणसाला मारेकऱ्यांच्या तोंडी सोडून शांतपणे आपल्या योजनेचे हित पाहतो, तेव्हा तो मात्सुमोतोपेक्षा हाघीच्या अधिक जवळ असतो, त्याचा पगार कोणत्याही खजिन्यातून येवो. मेजावर बसून माणसांना क्रमांक देणारी प्रत्येक यंत्रणा हाघी होतेच असे नाही. पण जी यंत्रणा आपल्या क्रमांकांमागची नावे कोणापुढेही उघड करायला बांधील नाही, तिच्यात हाघीसाठी जागा तयार असते आणि ती फार काळ रिकामी राहत नाही. चर्च समितीसारख्या चौकशीचे मोल इथेच आहे. तिने कोणतेही बेट उडवून दिले नाही. तिने कागद मागवले, साक्षी घेतल्या, नावे लिहिली आणि अहवाल प्रसिद्ध केला. हेरपटाच्या नायकाला असे काम देता येत नाही, आणि नागरिकांना मात्र नेमके हेच करावे लागते. गुन्हेगारी साम्राज्याचा सूत्रधार आपल्याला खरोखर हुडकायचा असेल, तर आपल्याच संस्थांच्या हजेरीपटापासून शोधाला सुरुवात केली पाहिजे.